पीएलसीला बटण दिसत नाही, व्होल्टेज दिसतं

पॅनेलवर लाल स्टॉप बटण आहे. ते एनसी (नॉर्मली क्लोज्ड) आहे, म्हणजे बोट न लावता त्यातून करंट वाहतो आणि दाबलं की तुटतो. या बटणाची तार पीएलसीच्या (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, मशीन चालवणारा छोटा संगणक) इनपुटला जोडली. आता लॅडरमध्ये, म्हणजे पीएलसीच्या शिडीसारख्या दिसणाऱ्या प्रोग्रामात, त्यासाठी कोणतं चिन्ह टाकायचं, एनओ (नॉर्मली ओपन, एनसीच्या उलट) की एनसी?

नवा माणूस बहुतेक वेळा एनसी टाकतो, कारण बटण एनसी आहे. मग मोटर सुरूच होत नाही. वैतागून तो स्टॉप दाबून धरतो आणि स्टार्ट दाबतो, तर मोटर चालू होते! पीएलसी शिकताना हा गोंधळ एकदा नीट सुटला की पुढचं निम्मं सोपं होतं.

पीएलसीच्या दृष्टीने बटण, सेन्सर, फ्लोट (पाण्याच्या पातळीचा स्विच) असं काही नसतंच. त्याला एवढंच कळतं की अमुक टर्मिनलवर २४ व्होल्ट आहेत की नाहीत. असतील तर त्या इनपुटच्या बिटमध्ये १ लिहितो, नसतील तर ०. लॅडरमधलं एनओचं चिन्ह सांगतं, ‘हा बिट १ असेल तर पुढे जाऊ दे’. एनसीचं चिन्ह सांगतं, ‘हा बिट ० असेल तर पुढे जाऊ दे’. स्टॉप न दाबता इनपुटला २४ व्होल्ट आहेत, बिट १ आहे आणि तेव्हाच मोटर चालू द्यायची आहे. म्हणून लॅडरमध्ये एनओचं चिन्ह. बाहेर एनसी, आत एनओ.

यात मराठीची आपली एक वेगळी अडचण आहे. ‘स्विच बंद आहे’ म्हणजे करंट जात नाही, आणि ‘संपर्क बंद आहे’ म्हणजे दोन टोकं टेकली आहेत, करंट जातोय. एकच शब्द, दोन उलट अर्थ. वर्गात शिकवणारे आणि ऐकणारे यात नेहमी अडकतात. म्हणून पुढे इनपुटबद्दल बोलताना फक्त १ आणि ० म्हणू.

मग स्टॉप बटण एनओ घेऊन लॅडरमध्ये एनसी टाकलं तर? चालेल, पण एका दिवशी उंदीर तार कुरतडेल किंवा टर्मिनलचा स्क्रू ढिला होईल. बिट आधीपासून ० च होता, तो ० च राहील. कुणाला काही कळणार नाही. कळेल ते स्टॉप दाबल्यावर, मोटर थांबली नाही की. एनसी बटणाची तार तुटली तर बिट लगेच ० होतो आणि मोटर थांबते. म्हणून थांबवणाऱ्या प्रत्येक गोष्टीला एनसी आणि सुरू करणारीला एनओ.

रिलेच्या भिंतीतून आलेली पेटी

पीएलसी येण्याआधी हे सगळं काम रिले, म्हणजे विजेने ओढले जाणारे स्विच, करत. जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये रिलेच्या जागी बसेल अशा यंत्राची मागणी काढली, कारण गाडीचं मॉडेल बदललं की भिंतभर पॅनेलांचं वायरिंग बदलावं लागे. डिक मॉर्ली आणि बेडफर्ड असोसिएट्सच्या मंडळींनी बनवलेल्या यंत्राचं नाव मोडिकॉन ०८४, कारण तो त्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. इलेक्ट्रिशियनला रिलेची आकृती वाचता येत होती, म्हणून प्रोग्रामही तसाच दिसावा अशी सोय केली. तीच लॅडर भाषा. १९९३ मध्ये आयईसी ६११३१-३ या मानकाने पाच भाषा ठरवल्या, पण भोसरी, वाळूज, सातपूर, कुठल्याही एमआयडीसीत पॅनेल उघडून लॅपटॉप जोडलात तर बहुधा लॅडरच दिसेल. रात्रपाळीच्या मेंटेनन्सवाल्याला ती वाचता येते, हे कारण आजही तेच आहे.

स्कॅन

पीएलसी एका फेरीत तीन कामं करतो. सगळे इनपुट एकदम वाचून आपल्या वहीत लिहून घेतो. मग प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सोडवतो. शेवटी सगळे आउटपुट एकदम बदलतो. पुन्हा पहिल्यापासून. छोट्या प्रोग्रामला अशी एक फेरी काही मिलिसेकंदांत होते.

यातून दोन चुका कायम घडतात.

पहिली म्हणजे एकच कॉइल (लॅडरच्या ओळीच्या शेवटचं आउटपुटचं चिन्ह) दोनदा लिहिणं. ऑटोच्या ओळीत वाय-० (एका आउटपुटचा पत्ता), मॅन्युअलच्या ओळीत पुन्हा वाय-०. ऑटोची ओळ वाय-० ला १ करते, खाली मॅन्युअलची ओळ त्याला ० करते, आणि बाहेर जातं ते शेवटचं. ऑनलाइन मॉनिटरवर ऑटोची ओळ डावीकडून उजवीकडे पूर्ण हिरवी दिसते आणि कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा रिले) मात्र ढिम्म. माणूस तास तास आउटपुट कार्ड तपासत बसतो. उपाय साधा आहे: ऑटोला एक मेमरी बिट, मॅन्युअलला दुसरा, आणि वाय-० ची कॉइल संपूर्ण प्रोग्रामात एकदाच.

दुसरी म्हणजे वेगाने येणारे पल्स. एका फेऱ्यात १,००० पल्स देणारा एन्कोडर १,५०० आरपीएमने फिरतोय. म्हणजे सेकंदाला २५,००० पल्स, दर ४० मायक्रोसेकंदाला एक. स्कॅन १० मिलिसेकंदांचा असेल तर दोन वाचनांच्या मध्ये २५० पल्स निघून जातात. साध्या काउंटरला यातलं काही दिसत नाही. त्यासाठी स्कॅनच्या बाहेर मोजणारा हाय-स्पीड काउंटर लागतो, आणि तो ठरावीक इनपुटांवरच असतो. पीएलसी घ्यायच्या आधी हे बघायचं.

वायरिंग: पीएनपी, एनपीएन आणि एक डायोड

तीन तारांच्या प्रॉक्सिमिटी सेन्सरमध्ये (वस्तू जवळ आली की लागणारा) तपकिरी तार +२४, निळी ० व्होल्ट आणि काळी सिग्नलची. पीएनपी सेन्सर लागला की काळ्या तारेवर +२४ देतो. एनपीएन ती ० व्होल्टला ओढतो. डेल्टा कंपनीच्या छोट्या पीएलसीवर एस/एस नावाचं टर्मिनल असतं. ते ० व्होल्टला जोडलं तर पीएनपी चालतो, +२४ ला जोडलं तर एनपीएन. एकाच एस/एसवर दोन्ही जातींचे सेन्सर मिसळता येत नाहीत. सेन्सरचा दिवा लागतो पण पीएलसीचा इनपुट दिवा लागत नाही, ही तक्रार आली की आधी हेच बघा.

निवड हातात असेल तर पीएनपी घ्या. पॅनेलमधलं ० व्होल्ट सहसा अर्थिंगला जोडलेलं असतं. सिग्नलची तार सोलवटून मशीनच्या लोखंडाला टेकली तर पीएनपीत इनपुट ० होतो किंवा फ्यूज जातो. एनपीएनमध्ये मात्र पीएलसीला वाटतं, सेन्सर लागला.

आउटपुटचे मुख्य दोन प्रकार असतात, रिले आणि ट्रान्झिस्टर. रिले एसी-डीसी दोन्ही चालवतो, पण त्याचे संपर्क झिजतात. ट्रान्झिस्टर फक्त डीसीवर चालतो, पण पटापट चालू-बंद होतो. मोठ्या कॉन्टॅक्टरची कॉइल थेट पीएलसीच्या आउटपुटवर टाकू नका. पकडताना ती धरून ठेवण्यापेक्षा कितीतरी पट करंट ओढते. मध्ये २४ व्होल्टचा एक छोटा रिले ठेवा. दोनशे रुपयांचा रिले जळला तर तो बदलता येतो. पीएलसीचा आउटपुट जळला तर अख्खं मशीन उभं राहतं. त्या रिलेच्या डीसी कॉइलवर १एन४००७ डायोड आडवा लावा, पट्टीचं टोक +२४ कडे. उलटा लावलात तर थेट शॉर्ट. एसी कॉइलवर डायोड चालत नाही, तिथे आरसी स्नबर (रेझिस्टर आणि कपॅसिटरची जोडी).

टाकी, हौद आणि ५ एचपीचा पंप

आता एक पूर्ण उदाहरण. जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, मध्ये ५ एचपीची थ्री फेज मोटर. पीएलसी डेल्टाचा डीव्हीपी-१४एसएस२ धरू: ८ इनपुट, ६ आउटपुट. इनपुटचे पत्ते एक्स-० ते एक्स-७. (नंतर एक्स्टेन्शन लावलंत तर पुढचे पत्ते आठच्या मोजणीत (ऑक्टल) चालतात, ८ आणि ९ हे अंक नसतातच, म्हणून एक्स-७ नंतर एक्स-८ येत नाही. मित्सुबिशीच्या एफएक्समध्येही तसंच.)

एक्स-०: स्टार्ट बटण, एनओ.
एक्स-१: स्टॉप बटण, एनसी.
एक्स-२: ओव्हरलोड रिलेचा (मोटरने जास्त करंट ओढला की ट्रिप होणारा) ९७-९८ हा एनओ संपर्क, ट्रिप झाला की १.
एक्स-३: टाकीचा खालचा फ्लोट, पाणी त्याच्या वर असेल तर १.
एक्स-४: टाकीचा वरचा फ्लोट, टाकी भरली नसेल तोवर १, भरली की ०.
एक्स-५: हौदाचा फ्लोट; पाणी असेल तर १.
एक्स-६: कॉन्टॅक्टरचा सहायक संपर्क १३-१४, कॉन्टॅक्टर ओढला की १.
एक्स-७: सिलेक्टर, ऑटोवर १.
वाय-०: कॉन्टॅक्टर ओढणारा छोटा रिले. वाय-१: चालू दिवा. वाय-२: बिघाडाचा दिवा.

आठही इनपुट भरले. निदान एक-दोन शिल्लक असावेत, हे उद्या कुणी ‘एक प्रेशर स्विचपण घ्या’ म्हणालं की कळतं.

यादीत इमर्जन्सी स्टॉप नाही, हे मुद्दाम. ते लाल मशरूम बटण आणि ओव्हरलोडचा ९५-९६ हा एनसी संपर्क हे दोन्ही कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या तारेत थेट, ओळीने बसतात. पीएलसी अडकला किंवा त्याच्या आउटपुटचा रिले चिकटला तरी कॉइलची वीज तुटलीच पाहिजे. पीएलसीला फक्त कळवायचं. ओव्हरलोड रिलेवरचा छोटा निवडक ‘हँड’ रिसेटवर ठेवा. ‘ऑटो’वर ठेवलात तर त्याच्या आतली तापलेली पट्टी थंड झाली की तो आपोआप जोडला जाईल. माणसाला इजा करू शकेल अशा मशीनला, म्हणजे प्रेस, कटर, कन्व्हेयर, एवढ्याने भागत नाही. तिथे हाताने रिसेट होणारा सेफ्टी रिले लागतो.

वरच्या फ्लोटची दिशा पुन्हा बघा. टाकी भरली की तो ० होतो. त्याची तार तुटली तरीही ० च, म्हणजे पीएलसीला वाटेल टाकी भरली, पंप थांबेल. पाणी संपल्याची ओरड होईल, पण गच्चीवरून धबधबा वाहणार नाही. हौदाच्या फ्लोटचंही तेच: तार तुटली तर हौद रिकामा समजून पंप थांबतो, कोरडा फिरून सील जाळत नाही.

ऑटोची मुख्य ओळ अशी (एम-० आणि एम-१ हे मेमरी बिट):

(एक्स-३ शून्य किंवा एम-० एक) आणि एक्स-४ एक → एम-०

पाणी खालच्या फ्लोटच्या खाली गेलं की एम-० लागतो. पाणी चढून एक्स-३ एक झाला तरी एम-० स्वतःला धरून ठेवतो, टाकी भरेपर्यंत. ‘किंवा एम-०’ हा जो तुकडा आहे, त्याला होल्डिंग म्हणतात. तो काढला तर पंप खालच्या फ्लोटवरच लाटांबरोबर चालू-बंद, चालू-बंद होत राहील आणि कॉन्टॅक्टरचे संपर्क जळतील.

मॅन्युअलची ओळ:

(एक्स-० एक किंवा एम-१ एक) आणि एक्स-१ एक आणि एक्स-७ शून्य → एम-१

आणि शेवटी एकच कॉइल:

((एम-० आणि एक्स-७) किंवा एम-१) आणि एक्स-१ आणि एक्स-४ आणि एक्स-५ आणि बिघाड-बिट शून्य → वाय-०

हे सिम्युलेटरवर मस्त चालतं. पण ऑटोवर पंप चालू असताना स्टॉप दाबा. थांबला. बोट काढा. पुन्हा सुरू! एम-० ला स्टॉपचं काही देणंघेणंच नाही. त्याच्या मते टाकी अजून भरलेली नाही. पंपाच्या कपलिंगजवळ हात असलेल्या माणसासाठी हे जीवघेणं आहे. म्हणून स्टॉपने एक ‘थांबव-बिट’ सेट करायचा, स्टार्टने तो रिसेट करायचा, आणि तो ० असेल तरच वाय-०. दुरुस्तीच्या वेळी मेन स्विच पाडून कुलूप लावणं हे याहून वेगळं आणि तरीही सक्तीचं.

आता वीज गेली आणि परत आली तर? शेतातल्या मोटरीला लावलेला ऑटो स्विच ज्याने पाहिलाय, त्याला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही: रात्री दोनला थ्री फेज येते आणि मोटर आपोआप सुरू होते. आपल्या प्रोग्रामात एम-१ पुसला जातो, म्हणजे मॅन्युअलवर पंप बंदच राहतो, बरोबर आहे. ऑटोवर टाकी अर्धी असेल तर एम-० पुसलेला असल्यामुळे पंप लगेच लागत नाही, पाणी खाली गेल्यावर लागतो, हेही चालेल. पण थांबव-बिटही पुसला गेला तर कुणीतरी मुद्दाम थांबवलेला पंप वीज आल्यावर सुरू होईल. म्हणून तो बिट लॅच्ड मेमरीतला घ्यायचा, जी वीज गेली तरी टिकते. तिचा पट्टा कोणत्या नंबरपासून सुरू होतो ते मॉडेलगणिक बदलतं. मॅन्युअल उघडून बघा.

थ्री फेजचा विषय निघालाच आहे तर: एक फेज गेला तर पीएलसीला काहीच कळत नाही, त्याचे २४ व्होल्ट दुसऱ्या फेजवरून येत असतात. सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर वेगळा बसवावाच लागतो, आणि त्याचा संपर्कही कॉइलच्याच तारेत.

बिघाड-बिट चार कारणांनी सेट होतो. एक्स-२ एक झाला, हे पहिलं. वाय-० एक आहे पण एक्स-६ अर्धा सेकंद शून्यच, म्हणजे कॉन्टॅक्टर ओढलाच नाही: कॉइल जळली, इमर्जन्सी दाबलेलं आहे किंवा छोटा रिले गेला. डेल्टात टी-० हा टायमर १०० मिलिसेकंदांच्या टप्प्याने मोजतो, म्हणून अर्ध्या सेकंदासाठी के-५, पाच सेकंदांसाठी के-५०. तिसरं कारण उलटं: वाय-० शून्य झाला तरी एक्स-६ मात्र १ वरच राहिला, म्हणजे कॉन्टॅक्टरचे संपर्क वितळून चिकटलेत. इथे पीएलसी दिवा लावण्यापलीकडे काही करू शकत नाही. एमसीबी हातानेच पाडावा लागतो.

चौथं कारण सगळ्यात गंमतीचं. एक्स-३ शून्य म्हणजे टाकी तळाला, एक्स-४ शून्य म्हणजे टाकी भरलेली. दोन्ही एकाच वेळी खरं असणं अशक्य. तसं ५ सेकंद दिसलं तर एखादा फ्लोट अडकलाय किंवा तार तुटलीय. दोन ‘भोळ्या’ फ्लोटांतून एक ओळ जादा लिहून तार तुटल्याची खबर मिळते, तीही फुकट.

फ्लोटऐवजी ४ ते २० मिलिअँपिअर

पाणी नेमकं किती आहे हे हवं असेल तर लेव्हल ट्रान्समीटर. ३ मीटरच्या टाकीला ४ मिलिअँपिअर म्हणजे शून्य, २० म्हणजे ३ मीटर, १२ म्हणजे दीड मीटर. शून्यापासून सुरुवात न करता चारपासून का, तर तार तुटल्यावर करंट ० होतो आणि रिकाम्या टाकीपेक्षा वेगळा ओळखता येतो. ३.६ च्या खाली गेलं की बिघाड समजतात.

समजा पीएलसीचं इनपुट कार्ड या करंटचे ० ते ४,००० आकडे देतं आणि तुम्हाला मिलिमीटर हवेत, ० ते ३,०००. आधी ३,००० भागिले ४,००० केलंत तर पूर्णांकात उत्तर ०, टाकी कायमची रिकामी. आधी गुणलंत तर ४,००० गुणिले ३,००० म्हणजे १,२०,००,०००, आणि १६ बिटांत ३२,७६७ च्या वर काही मावत नाही, भलतंच उत्तर. अपूर्णांक आधी लहान करा: ३ ने गुणा, ४ ने भागा. सर्वांत मोठा आकडा १२,०००, आरामात बसतो.

शिकायचं कुठून

डेल्टाचं डब्ल्यूपीएलसॉफ्ट फुकट मिळतं आणि त्यात सिम्युलेटर आहे, त्यामुळे वरचा पंप हार्डवेअर न घेताही चालवून बघता येतो. कोडेसिस हे पीएलसीचं सॉफ्टवेअरही फुकट उतरवता येतं; स्ट्रक्चर्ड टेक्स्ट (पाचपैकी एक, ओळींत लिहायची भाषा) शिकायला ते जास्त सोयीचं. सीमेन्सचं टिया पोर्टल नोकरीत उपयोगी, पण पहिल्याच महिन्यात त्यात शिरलात तर सॉफ्टवेअरच शिकत बसाल. सिम्युलेटरवर तारा तुटत नाहीत, ही त्याची मर्यादा. हात बसायला एक वापरलेला पीएलसी, २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय), चार बटणं, चार सिलेक्टर, तीन दिवे आणि एक रिले लाकडी फळीवर पुरेत. फ्लोटच्या जागी सिलेक्टर फिरवा. थ्री फेजला हात लावायची या टप्प्यावर गरज नाही.

फळीवर पंप चालू झाला की एक्स-१ ते एक्स-७ प्रत्येक तार एकेक करून टर्मिनलमधून उपटा, आणि उपटण्याआधी कागदावर लिहा की काय होणार. एक्स-२ ची उपटल्यावर काहीच होणार नाही. होऊ नये का? ९७-९८ ऐवजी दुसरा कोणता संपर्क घेतला तर ओव्हरलोडची तार तुटल्याचंही पीएलसीला कळेल, आणि तेव्हा लॅडरमध्ये चिन्ह कोणतं येईल, हे फळीवरच जोडून बघा.